सासऱ्याच्या व्हॉल्व्हला कुलूप

आमच्या बेटावर, त्रियोले गावाजवळच्या साखर कारखान्यात १९८१ साली युरोपातून एक साहेब आला. त्याने अणुवीज केंद्रांतल्या दुरुस्तीच्या स्लाइड्स दाखवल्या. आमचा बॉयलर उसाच्या चिपाडांवर चालायचा. पण माणसं सगळीकडे सारखीच विसरतात, असं साहेबाचं म्हणणं. नियम एकच. बॉयलरच्या आत शिरणाऱ्याने वाफेच्या व्हॉल्व्हला आपलं कुलूप घालायचं, किल्ली खिशात ठेवायची. कुलूप दिसलं की आत माणूस आहे. नाही दिसलं की नाही.

वाफेचा व्हॉल्व्ह ज्याच्या ताब्यात असे तो मुकादम तुलसीराम पहिल्या बाकावर मान डोलवत होता. नियम त्याला पटला. इतरांसाठी.

शनिवारी बंद बॉयलर खरवडायला आत जाणार होता यशपाल, त्याचा जावई. चंद्रिकेशी लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. त्याने कुलूप अडकवलं, तोच शेजारी काम करणारा गोपाळ ओरडला, "आयो, गेत सा, बघा हे! सासऱ्यावर भरवसा नाय ह्याचा!"

सगळे हसले. यशपाल कानापर्यंत लाल झाला. "तसं नाय, मामा. साहेब बोलला म्हणून."

इथे तुलसीरामने "कुलूप राहू द्या" म्हणायला हवं होतं. पण त्यालाही कुठेतरी लागलंच होतं. तो म्हणाला, "तुमची मर्जी, जावईबापू. मी हाय इथं उभा."

यावर कुठला जावई कुलूप ठेवील? यशपालने ते काढलं आणि ओशाळं हसत आत शिरला.

तुलसीराम खरंच उभा राहिला. मग ऑफिसातून निरोप आला: नव्या नियमाबद्दल साहेबाला मुकादमाचं मत हवंय. तो गेला. मत उत्तम दिलं, वर कॉफीही घेतली.

तेवढ्यात पाळी बदलली. नव्या पाळीच्या हरिप्रसादला बॉयलर तापवायला घ्यायचा होता. त्याने व्हॉल्व्ह पाहिला. कुलूप नाही, म्हणजे आत कोणी नाही. त्याने वाफ सोडली.

चौकशीत हरिप्रसाद सुटला. नियम पाळणारा तो एकटाच निघाला. अहवालात 'मानवी चूक' असं लिहिलं, माणसाचं नाव लिहायचं राहिलं. गावाने ते स्वतःच भरलं: पोरगा बेफिकीर होता.

दिवसकार्य आटोपून माहेरी आलेल्या चंद्रिकेने विचारलं, "बाबा, लोक म्हणतात ते खरं हाय? बेफिकीर होते ते?"

"नाय, बाय. मान राखला त्यांनी."

"कुणाचा?"

तुलसीरामने अंगणाकडे पाहिलं. खोटं बोलायला जागा बरीच होती. "माझा," तो म्हणाला.

चंद्रिका रडली नाही. उठून आत गेली आणि पितोंला, सासरी, जायची बस कधी सुटते ते तिने आईला विचारलं. बसथांब्यापर्यंत ती आईबरोबरच गेली.