वाटणीतली फटफटी

आसगावच्या पंचांनी आजवर धानाच्या बांध्या वाटल्या होत्या, बैल वाटले होते, एकदा तर आंब्याचं झाड फांद्या मोजून वाटलं होतं. फटफटी वाटायची पाळी मात्र त्यांच्यावर कधी आली नव्हती. ती आणली दादाजी आणि इश्वर या सख्ख्या भावांनी. बाप गेला, वाटणी झाली आणि शेवटी अंगणात उरली ती बापाने नाकाडोंगरीकडच्या एका ठेकेदाराकडून घेतलेली जुनी फटफटी. दोघांनाही ती हवी होती. तेव्हा पंचांतले यादोराव, ज्यांना साधी सायकलही येत नव्हती, त्यांनी तंबाखू मळता मळता निवाडा दिला.

"एंजिन सामायिक, विहिरीसारखं. पुढचं चाक, हँडल, दिवा मोठ्याचा. मागचं चाक, सीट, क्यारिअर धाकट्याचं. ज्याच्या वाट्याचं मोडंन त्यानं ते पाहावं. आलटून पालटून चालवा अन् भांडू नका."

सारा गाव हसला. दोघे भाऊ तेवढे गंभीर होते.

त्या दिवसापासून इश्वरचं डोकं भलत्याच दिशेने चालू लागलं. फटफटीला ब्रेक दोन. हाताचा दाबला की पुढचं चाक थांबतं, म्हणजे दादाजीचं लायनर झिजतं. पायाचा दाबला की मागचं थांबतं, म्हणजे आपलं झिजतं. मग आपलं कोण शहाणा झिजवील? बैल आडवा येवो की बकरी, इश्वर दाबायचा तो हाताचाच ब्रेक. नुसता पुढचा ब्रेक दाबला की चिखलात फटफटी नाक खुपसते, हे त्याला तोंडावर पडून कळलं होतं. पण फुटलेला ओठ आपोआप भरून येतो, लायनर काही भरून येत नाही, असा त्याचा हिशेब होता.

"पायाचा ब्रेक काहून नाही दाबत जी?" बायको सत्यवतीने ओठाला हळद लावताना विचारलं.

"तुले काय समजते? तंत्र असते ते!" इश्वर म्हणाला आणि हळद झोंबल्यामुळे तोंड वाकडं करून बसला.

मन खात नव्हतं असं नाही. याच दादाजीने त्याला खांद्यावर बसवून शाळेत पोचवलं होतं. पण वाटणी झाली की चांगल्या माणसाचीही नजर बिघडते, आणि इश्वर काही फार चांगला नव्हता.

धानाच्या रोवण्याचे दिवस आले आणि पुढचा ब्रेक कर्र कर्र करू लागला. त्या दिवशी पाळी इश्वरची, म्हणून त्यानेच फटफटी पवनीच्या डोमा मिस्त्रीकडे नेली. डोमाने दोन्ही चाकं उघडली, लायनर काढून पोत्यावर शेजारी शेजारी ठेवली आणि डोकं खाजवलं. पुढची पार लोखंडाला टेकलेली, मागची दुकानातून आणल्यासारखी कोरी.

"पुढचं म्हातारं होऊन मरून गेलं, अन् मागच्याले अजून मिसरूड नाही फुटली," डोमा म्हणाला. "तुमी दोघंबी चालवता ना? मंग मागचा ब्रेक कोणीच काहून नाही दाबत?"

यातला 'कोणीच' हा शब्द इश्वरने ऐकायला हवा होता. पण चोराच्या मनात चांदणं. त्याला एवढंच दिसलं, की आता हे दादाजीला कळणार, गोदावरीवहिनीला कळणार आणि आपल्याला गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

"भाऊले मीच सांगतो," तो घाईघाईने म्हणाला.

"सांग बरं! पुढची नवी लायनर बाजाराच्या दिवशी येतीन. तोवर जुनीच बसवून देतो, पायाचाच ब्रेक दाबा. हाताच्या भरवशावर राहू नका."

इश्वरने सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे ब्रेक का झिजला तेही सांगावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी पाळी दादाजीची. बोडीच्या तळ्याखालच्या बांधीत रोवणा चालू होता आणि बायांना चहा पोचवायचा होता.

"चाल रे इश्वर, डबा धरून मांगं बस," दादाजीने हाक मारली.

नाही कसं म्हणणार? इश्वर चहाचा डबा पोटाशी धरून आपल्याच वाट्याच्या सीटवर बसला. वाटेत सांगू, त्या बाभळीपाशी सांगू, असं म्हणता म्हणता बोडीची मातीची उंच पार आली आणि उतार लागला. दादाजीने हाताचा ब्रेक दाबला. तो सरळ मुठीला टेकला. फटफटी काही थांबेना.

"भाऊ, पायाचा दाब!" इश्वर ओरडला.

"नाही बा!"

"दाब ना! मरतो ना आपण!"

"तुया वाट्याचा आहे तो!"

पुढचं बोलणं हवेत झालं. फटफटी बांध ओलांडून चिखलात शिरली, भाऊ दोन्हीकडे उडाले आणि चहा सगळा बांधीला पाजला गेला. हातात धानाचे कोवळे पऱ्हे धरलेल्या बाया आधी किंचाळल्या आणि दोघंही हलताहेत हे पाहून पोट धरधरून हसल्या.

"माय वो!" गोदावरीबाई नवऱ्याला म्हणाली. "चहा पाजाले आले का चहा रोवाले?"

इश्वर चिखलात बसल्या बसल्या भावाकडे बघत राहिला.

"भाऊ, काहून नाही दाबला?"

"तुयी वस्तू बाबू. इतक्या दिवसांत तिच्यावर कधी पाय नाही ठेवला, आजच ठेवू का?"

म्हणजे हाताचा ब्रेक दोघेही दाबत होते! एक भावाचं झिजवायला, दुसरा भावाचं राखायला. इश्वरला इतकी लाज वाटली, की आणखी थोडा चिखल असता तर बरं झालं असतं.

"भाऊ, मीबी पायाचा कधी नाही दाबला," त्याने एकदाचं सांगून टाकलं. "तुयाच वाटा घासत होतो."

दादाजीने मिशीतला चिखल पुसला.

"माहीत आहे मले."

"माहीत होतं?"

"लहानपणी आपला लाडू चड्डीत खोसून माहाच खात होता तू. म्हणलं, पोट्टा मागचं इतकं जपून राहिला, त आपणबी जपावं."

इश्वरला रडूही आलं आणि हसूही आलं, पण तोंडात चिखल असल्याने दोन्ही नीट जमलं नाही. दादाजी फटफटीचं पुढचं चाक उचलायला वाकला. इश्वर मागचं सोडून त्याच्याशेजारी गेला आणि पुढच्याच चाकाला भिडला.

"अबे, तुया वाटा मांगं आहे!"

"राहू दे भाऊ. पयले तुयं काढू."

दोघांनी मिळून पुढचं चाक असं काही जोराने उचललं, की मागचं चाक क्यारिअरपर्यंत चिखलात गेलं. तरी दोघे सोडेनात. शेवटी गोदावरीबाईने हातातले पऱ्हे बांधावर टाकले आणि पदर खोचला.

"आग लागो तुमच्या वाटणीले!" ती म्हणाली आणि मागचं चाक धरायला चिखलात उतरली.