दुसरी वेलांटी

मुद्रितशोधकांच्या पत्नीच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलली, त्याला अकरा दिवस झाले होते. त्याआधीची तीन वर्षे त्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत काढली होती. इमारतीला लिफ्ट नव्हती आणि जिन्याला चौपन्न पायऱ्या होत्या. शस्त्रक्रियेसाठी नेताना चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून खाली उतरवले, तेव्हा शेजारी दारात उभे राहिले आणि त्या सर्व वेळ भिंतीकडे तोंड फिरवून बसल्या. असे पुन्हा जायचे नाही, आपल्या पायांनी उतरायचे, एवढ्यासाठीच त्या ऑपरेशनला राजी झाल्या होत्या.

आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपिस्ट येई. तिशीतली, मितभाषी बाई; नवराबायकोंना ती काका-काकू म्हणे. तिच्या पिशवीत मोठ्या कोनमापकासारखे एक पांढरे साधन असे. ते गुडघ्याला लावून ती अंश मोजी. म्हणून काकूंनी तिचे नाव ‘कंपासपेटी’ ठेवले होते, आणि ते तिला ठाऊकही होते.

“पासष्ट,” ती त्या दिवशी म्हणाली. “जिना धड उतरायला नव्वद तरी हवेत. काका, नुसतं हातानं दाबून हे होणार नाही. घरात व्यायामाची सायकल आणा. पाठीला टेकू असलेली, सीट मागेपुढे होणारी. काकूंच्या वजनापेक्षा वीस-पंचवीस किलो जास्त झेपेल अशी. आधी अर्धाच फेरा, पुढेमागे. रोज अर्धा तास. हळूहळू पूर्ण फिरतं.”

“आणि नाही फिरलं तर?” काकूंनी विचारले.

“पहिले सहा आठवडे आपल्या हातातले. नंतर आतलं सगळं घट्ट होत जातं. मग भूल देऊन गुडघा वाकवतात, पण तुमच्या हृदयाला पुन्हा भूल नको असं डॉक्टरांनी लिहूनच दिलंय.” दारातून निघताना ती मागे वळली. “नीट बघून घ्या. परत घेतात का, बिघडली तर कोण येणार, ते आधी विचारा.”

मुद्रितशोधकांनी छापखान्यात चाळीस वर्षे काढली होती. शब्दकोश, व्याकरणे, स्तोत्रसंग्रह त्यांच्या हातून शुद्ध होऊन गेले. अक्षर म्हणजे ज्याचा क्षय होत नाही ते, असे त्यांना बालपणी गुरुजींनी शिकवले होते, आणि त्या शिकवणुकीशी त्यांनी आयुष्यात कधी प्रतारणा केली नव्हती. ज्याने वेलांटी सांभाळली तो दिलेले वचनही सांभाळील, ही त्यांची अंतःकरणापासूनची श्रद्धा होती.

पत्नीला एकटे सोडून दुकाने पालथी घालणे शक्य नव्हते, म्हणून ते संगणकापुढे बसले. शेजारच्या वस्तीतल्या एका दुकानाचे पान प्रथम उघडले. त्यावर लिहिले होते: ‘सायकल ची सिट मउ आहे. पाट टेकता येते. घरी येउन जोडुन देउ.’ खाली दुकानाचा पत्ता, दूरध्वनी आणि मालकाचे छायाचित्र होते. मुद्रितशोधकांनी ‘पाट’ हा शब्द दोनदा वाचला आणि पान मिटले.

चौथे की पाचवे पान वेगळे निघाले. परिच्छेद सुबक, विरामचिन्हे यथास्थित. ‘किमती’ या शब्दावर अनुस्वार नव्हता, जो शंभरांतले नव्वद लोक देतात. किमती इतरांच्या निम्म्याही नव्हत्या. आगाऊ रक्कम भरणे आवश्यक होते. ती भरताना पडद्यावर एक चक्र फिरू लागले आणि त्याखाली अक्षरे उमटली: ‘कृपया प्रतीक्षा करा.’ ‘प्रतीक्षा’तली दुसरी वेलांटी. सरकारी फलकांवर, बँकांत, रुग्णालयांत, सर्वत्र हा शब्द त्यांनी पहिल्या वेलांटीने विद्रूप झालेला पाहिला होता. येथे तो जसा असावा तसा होता. त्यांना फार बरे वाटले.

रविवारी मेहुणा आला. तो शाळांना खेळांचे साहित्य पुरवी आणि बहिणीसारखाच तिरकस बोले.

“भावोजी, यात पत्ता कुठंय?”

“येईल पावतीवर.”

“फोन नंबर?”

“पत्रव्यवहार आहे. तू वाचून तर बघ. एक तरी ऱ्हस्व-दीर्घ चुकलाय का?”

“सायकल चालवायचीय की परीक्षेला बसवायचीय?” मेहुण्याने मान हलवली. “वस्तू हातात मिळाल्यावर पैसे, असं का नाही ठेवलं यांनी? आणि एवढी स्वस्त? मी या धंद्यात आहे, भावोजी. एवढ्यात नुसतं लोखंडसुद्धा येत नाही.”

“तुझ्या पावतीवर तू ‘साहीत्य’ लिहितोस,” मुद्रितशोधक शांतपणे म्हणाले. काकू पलंगावरून हसल्या, आणि विषय तिथेच संपला.

सायकल पाच दिवसांत यायची होती. सहाव्या दिवशी संगणकावर पत्र आले: ‘आपल्या धीराबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. आपली वस्तू मार्गस्थ झाली असून कृपया किंचित प्रतीक्षा करावी.’ ‘मार्गस्थ’ हा शब्द आजकाल कोण वापरतो, असे म्हणून त्यांनी ते पत्र पत्नीला वाचून दाखवले. पुढच्या आठवड्यात दुसरे आले, त्यापुढच्या आठवड्यात तिसरे. प्रत्येक पत्रात कारण निराळे होते आणि भाषा निर्दोष.

“काका, सायकल?” फिजिओथेरपिस्ट विचारी.

“मार्गस्थ आहे.”

“मागच्या मंगळवारीही होती.”

शस्त्रक्रियेनंतरच्या पाचव्या आठवड्यात मेहुण्याचा दूरध्वनी आला. एका ओळखीच्या व्यायामशाळेतून टेकू असलेली जुनी सायकल निघत होती. “सीटला ठिगळ आहे, पण चालते झकास. उद्या टेम्पोत घालून आणतो.”

“नको. आमची दोन दिवसांत येतेय. दोन-दोन घेऊन काय करू?”

“ताईला विचारा एकदा.”

त्यांनी पत्नीकडे पाहिले. त्या गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन पाय दाबत होत्या आणि वेदनेने त्यांचे ओठ मिटलेले होते. त्या काही बोलल्या नाहीत. मुद्रितशोधकांनी ते मौन संमती म्हणून घेतले आणि मेहुण्याला नकार कळवला.

शस्त्रक्रियेनंतरच्या सातव्या आठवड्यात, सोमवारी पार्सल आले. पोऱ्याने ते एका हाताने धरले होते. मुद्रितशोधक बराच वेळ त्याच्या मागे, जिन्याच्या दिशेने पाहत राहिले. उरलेला भाग खाली टेम्पोत असावा, अशी त्यांची समजूत होती. पोऱ्या निघून गेला. त्यांनी कात्रीने चिकटपट्टी कापली. आत लाल मुठींची एक उड्या मारायची दोरी होती.

काकूंनी ती हातात घेतली, लांबी मोजावी तशी मांडीवर पसरली, आणि हसू लागल्या. खूप वेळ हसल्या. थांबल्यावर त्या म्हणाल्या, “अहो, मी आधीच सांगायला हवं होतं. माझा पाय शुद्धलेखनावर चालत नाही.”

मुद्रितशोधकांनी संगणक उघडला. ते पान नव्हते. पत्राच्या पत्त्यावर पाठवलेले उत्तर परत आले. बँकेतल्या मुलीने दूरध्वनीवर सांगितले, की पहिल्या दोन-तीन दिवसांत कळवले असते तर काही करता आले असते. तक्रार मात्र त्यांनी लिहून द्यावी. त्यांनी ती तीनदा लिहिली. तिन्ही वेळा एकही चूक सापडली नाही, आणि प्रथमच त्यांना त्याचा कसलाही आनंद झाला नाही.

दुसऱ्या दिवशी मेहुण्याने ठिगळाची सायकल वर आणली. त्याने टोमणा मारला असता तर बरे झाले असते, असे मुद्रितशोधकांना वाटून गेले. काकूंना दोघांनी धरून बसवले. पेडल वर आले, गुडघा अडला, पेडल मागे गेले. अर्धा फेरा पुढे, अर्धा मागे. चौदा दिवस त्यांनी रोज अर्धा तास तो अर्धा फेरा मारला. घाम गळ्यावरून पदरात जिरे. मुद्रितशोधक शेजारी घड्याळ घेऊन बसत आणि वेळ संपली हे सांगायला मुद्दाम उशीर करीत, कारण पुढच्या एका मिनिटात चाक पुरते फिरेल, असे त्यांना प्रत्येक वेळी वाटे.

फिजिओथेरपिस्टने पांढरे साधन लावले, काढले, पुन्हा लावले.

“किती?”

“अडुसष्ट.”

“वाढलेच की तीन,” मुद्रितशोधक म्हणाले.

“पाचव्या आठवड्यात सत्तर होते, काका.” तिने साधन पिशवीत ठेवले. “आता हे इतकंच राहील. सायकल सोडू नका, नाहीतर हेही जाईल. पण मी दोनदा येण्यात आता अर्थ नाही. आज जिना शिकवते आणि थांबते.”

जिना दोन प्रकारे उतरता येतो, असे तिने सांगितले. एक नेहमीचा, पायामागून पाय टाकत; पण ज्यांचा गुडघा वाकत नाही त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरून अंग बाजूला वळवावे, ताठ पाय आधी खाली ठेवावा, मग चांगला पाय त्याच्याशेजारी आणावा. मुद्रितशोधक एक पायरी खाली, पत्नीकडे तोंड करून उभे राहिले. काकूंनी नवी चप्पल घातली होती, शस्त्रक्रियेआधीच घेऊन ठेवलेली. नऊ पायऱ्यांना पाव तास लागला. पहिल्या वळणावर त्या थांबल्या. त्यांच्या हातांच्या शिरा तटतटल्या होत्या.

“अजून किती?”

“पंचेचाळीस,” मुद्रितशोधक म्हणाले.

“आणि चढायच्या?”

या वेळी फिजिओथेरपिस्टने सांगितले, “चौपन्न, काकू.”

खालून रस्त्याचा आवाज येत होता. कुणीतरी दुचाकी सुरू करण्याचा प्रयत्न करीत होते. काकूंनी क्षणभर तिकडे कान दिला. मग त्या नवऱ्याकडे वळल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मुद्रितशोधकांना सर्वांत असह्य झाले.

“चला वर. झालं माझं बघून.”

चढताना चांगला पाय आधी. काकूंनी डावा पाय वरच्या पायरीवर ठेवला आणि उजवा, सरळ, मागून ओढून घेतला. मुद्रितशोधक त्यांच्या पाठीशी दोन्ही हात पुढे धरून उभे राहिले आणि पुढच्या पायरीची वाट पाहू लागले.