पौर्णिमेच्या विहिरी

रत्नमालाबाईंचा लॅपटॉप दोन वर्षांनी उघडला, तेव्हा काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक सूचना आली. हार्ड डिस्क कधीही बंद पडू शकते, आतलं सगळं ताबडतोब दुसरीकडे उतरवून घ्या. गावातल्या तिघा शहाण्यांनी तिचे तीन अर्थ लावले. एकाच्या मते तो व्हायरस होता. दुसरा म्हणाला, कंपन्या असंच भेव घालतात, नवा घ्यावा म्हणून. तिसऱ्यानं तर दुरुस्तीचं बटण दाबायला बोटही पुढं केलं होतं. बाईंनी त्या बोटावर चापट मारली, लॅपटॉप टॉवेलात गुंडाळला आणि मालेगावची बस पकडली. अंगणवाडीत तीस वर्षं काढलेल्या बाईला कोणाचं ऐकू नये एवढं चांगलं कळतं.

अडलं होतं ते असं. गावाच्या वरच्या अंगाला बाटलीबंद पाण्याचा कारखाना होता आणि त्याला आता दुसरी बोअर हवी होती. पहिल्या बोअरनं विहिरी खाली गेल्या हे अख्खं गाव सांगत होतं. पण सरपंच म्हणाले, तोंडी नको, पुरावा दाखवा. परवा ग्रामसभा होती.

पुरावा होता. दर पौर्णिमेला विहारातली वंदना आटोपली की बाई आणि त्यांचे यजमान नरेंद्र मोटरसायकलवर अकरा विहिरी फिरत. दोराला दगड बांधून आत सोडायचा, तो पाण्याला टेकला की काठापाशी दोर चिमटीत धरायचा आणि वर ओढून टेपनं मोजायचा. दोर बाई धरत, फोटो नरेंद्र काढत आणि तिथंच काठावर बसून लॅपटॉपमध्ये भरत. नऊ वर्षं. नरेंद्र गेले तरी बाईंनी मोजणं सोडलं नाही, फक्त आकडे वहीत लिहू लागल्या. कारखाना आला तो नेमका नरेंद्र गेल्यानंतर. म्हणजे आधीचं पाणी लॅपटॉपात आणि नंतरचं वहीत. एकाशिवाय दुसरं फुकट.

मालेगावात सपनाचं दुरुस्तीचं दुकान होतं, जानरावच्या पिठाच्या गिरणीच्या भिंतीला लागून. पोरीनं डिस्क बाहेर काढून आपल्या मशीनला जोडली. पडद्यावर आकड्यांचा तक्ता आला.

"डिस्क स्वतःच्या तब्येतीचं स्वतःच लिहून ठेवते, मावशी," ती म्हणाली. "हा आकडा धक्क्यांचा. दोन हजार एकशे चार! बैलगाडीले बांधला होता का लॅपटॉप?"

"मोटरसायकलच्या टाकीवर राह्यचा. पांदणीच्या रस्त्यानं."

"मंग बरोबर हाय. अन् हा लाल आकडा पाहा, चाळीस. या चाळीस जागा डिस्कले वाचताच येऊन नाई राह्यल्या. चाळीसवरच थांबला तर आपलं काम होते. वाढत गेला तर समजा, संपत आली. दुरुस्तीचं बटण दाबलं असतं ना, तर तिनं सगळी डिस्क घासून काढली असती अन् तिथंच मेली असती."

बाईंना त्या तिसऱ्या शहाण्याला आणखी एक चापट मारावीशी वाटली.

"दोन फोल्डर हायेत," सपना म्हणाली. "एक 'घर', एक 'विहिरी'. पहिले कोणतं काढू? दुसऱ्याची गॅरंटी नाई."

'घर'मध्ये काय आहे हे बाईंना पाठ होतं. मुलीचं लग्न. नरेंद्र हसत हसत भाषण विसरतात तो व्हिडिओ. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठंच नव्हता.

"विहिरी," त्या म्हणाल्या.

अर्ध्या तासात सत्तर फोटो उतरले आणि गाडी अडली. लाल आकडा शहाण्णव झाला होता. सपनानं हात टेकले. "वाढून राह्यला, मावशी."

बाई समोरच्या चहाच्या ग्लासाकडे पाहत होत्या. इतकी वर्षं विहिरीत वाकून पाण्याकडे पाहिलेली बाई ती. चहावर बारीक बारीक वलयं उठत होती, थांबत होती, पुन्हा उठत होती. पलीकडे गिरणीत डबा रिकामा झाला की थांबत, नवा ओतला की उठत.

"सपना, बंद कर ते. एकदम बंद. भिंत हालून राह्यली."

सपनानं टेबलावर तळहात ठेवला आणि कपाळावर मारून घेतला. रोज त्याच टेबलावर बसणाऱ्या पोरीला ते जाणवणंच बंद झालं होतं. दुसरीकडे न्यावं तर बसचे धक्के डिस्कला सोसणार नव्हते.

बाई पदर खोचून गिरणीत गेल्या. जानरावच्या भुवयांपर्यंत पीठ होतं आणि समोर डब्यांची रांग.

"भाऊ, दोन तास गिरणी थांबवा."

"हे लोकं मलेच दळतीन, बाई! दोनले लाईट जाते, पाचले येते. तवा थांबतेच ना."

"अन् डिझेल इंजिन?"

"ते लावतो मी."

"आज नका लावू." बाईंनी विहिरींचं, बोअरचं, परवाच्या सभेचं सगळं सांगितलं. रांगेतली माणसंही ऐकत उभी राहिली.

जानरावनं कपाळावरचं पीठ पुसलं. "नाई लावत. जा."

दोन वाजता लाईट गेली. सगळ्या गल्लीनं वीज मंडळाचा उद्धार केला, आणि या दोघी लगबगीनं उठल्या. इन्व्हर्टरवर डिस्क पुन्हा फिरू लागली. चहा आता ग्लासात निवांत होता. फोटो शंभर झाले. तीनशे. सातशे. मध्येच डिस्क अडायची, तेव्हा बाई दोर सोडताना धरत तसा श्वास धरायच्या. लाल आकडा शहाण्णववर होता तो एकशे चारवर गेला आणि तिथंच राहिला. पावणेपाचला सपना ओरडली, "झालं! अकराशे ऐंशी फोटो, अन् आकड्यांचा तक्ता बी!"

मग तिनं 'घर' उघडलं. डिस्कमधून टकटक असा आवाज आला, दोनदा. त्यानंतर काहीच आलं नाही. सपनानं पुन्हा पुन्हा करून पाहिलं. शेवटी ती बाईंकडे न बघता म्हणाली, "गेली, मावशी."

बाई रडल्या. लपवून वगैरे नाही, चांगल्या रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "फोटो दाखव. सभेत लावाचे हायेत."

पहिला फोटो उघडला. विहिरीचा काठ, टेप, बाईंची चिमूट. आणि खालच्या कोपऱ्यात एक पाय, अंगठ्याशी तारेनं बांधलेली चप्पल. दुसऱ्यातही तोच पाय, तिसऱ्यातही. दर पौर्णिमेला बाई त्यावरून भांडायच्या, तुमचा पाय कायले येऊ देता फोटोत म्हणून. नऊ वर्षांत त्या माणसानं ऐकलं नव्हतं.

"हा पाय कापून टाकू का, मावशी? फोटो साफ दिसतीन."

"हात नको लावू," बाई म्हणाल्या. "मोजलं तवा ते तिथं उभे होते. परवा सभेत बी उभे राहू दे."