घाबरणाऱ्या माणसाची खोली

माणसं फोटो बघून खोली निवडतात. त्यावरच माझं पोट चालतं आणि त्यानेच माझं डोकं फिरतं. सहलींच्या ऑफिसात बर्फाच्या टेबलावर, म्हणजे स्कीच्या सहली ठरवून द्यायच्या टेबलावर, मी सोळा वर्षं बसते आहे. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक मोबाइल माझ्या नाकासमोर धरतं. खिडकीतून दिसणारं शिखर, गरम पाण्याचा टब, टबात ग्लास धरून हसणारी एक बाई. उद्या सकाळी त्या बाईला पायात दगडासारखे बूट घालून उभं राहायचंय, हे फोटोत नसतं. गिऱ्हाइकाच्या डोक्यात तर नसतंच.

आणि मग अगदी शेवटी, घरात कुणाला खरूज झाल्यासारखं हळू आवाजात सांगतात, की आमच्यातलं एक माणूस पहिल्यांदाच स्की करणार आहे, जरा भित्रं आहे. हे आधी सांगायला काय होतं? मी टबवाली सगळी हॉटेलं बाजूला सारते आणि उरलेल्यांना फोन लावते. प्रश्न एकच. पहिल्या दिवशी अकरा वाजता माणसाला रडू आलं, तर कुणाचीही मदत न घेता तो किती मिनिटांत आपल्या खोलीत पोचेल? निम्मे हॉटेलवाले हसतात. त्यांच्या नावावर मी काट मारते. ऑफिसात मला खडूस म्हणतात. म्हणोत बापडे. फोटोला भुलणाऱ्यांनी दिलेल्या नावाला मी काय किंमत देणार?

तर एका मंगळवारी दुपारी ताई आली. माझी सख्खी बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मोठ्या इस्पितळात औषधांच्या खिडकीत बसते, दिवसाला चारशे चिठ्ठ्या वाचते आणि डॉक्टरांच्या चुका न बोलता दुरुस्त करते. सरळ माझ्याकडे यायचं सोडून तिने दारातल्या यंत्रातून नंबर घेतला आणि रांगेत बसली. तिचा नंबर लागला तेव्हा ती पर्स मांडीवर घेऊन समोर बसली आणि म्हणाली की तिला स्की शिकायचंय.

मी हसले. ताई हसली नाही.

मग मी खुर्ची सरळ केली. तिने सांगितलं ते एवढंच, की येत्या हिवाळ्यात तिला एकावन्नावं लागेल आणि अजून कशावरून घसरून पाहिलेलं नाही. पडायला हरकत नाही, पण पडेन तर माझी मी पडेन, असं म्हणाली. भीती वाटते का, असं मी विचारलं. तर म्हणाली, खूप.

या "माझी मी"च्या मागे काय आहे, ते मला ठाऊक होतं. मागे आमचे भावोजी आहेत. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी ताईला पोहायला शिकवलं, म्हणजे तलावाच्या काठावरून पाठीला हात लावून ढकललं. असंच शिकतात, म्हणे. त्यानंतर ताई बादलीपेक्षा खोल पाण्यात उतरली नाही. पुढे गाडी शिकवली. भर चौकात गाडी बंद पडली तेव्हा असे ओरडले की पलीकडच्या गाडीतले लोक काच खाली करून बघायला लागले. किल्ली काढून घेतली आणि ताईला उतरवलं. ती चालत घरी आली. अजून चालतेच आहे. गोष्ट तिथेच संपली असती तर एक वेळ चाललं असतं. पण आमच्याकडे चार माणसं जेवायला जमली की भावोजी या दोन्ही गोष्टी रंगवून सांगतात, सगळे पोट धरून हसतात आणि ताई उठून पाण्याचे ग्लास भरते.

म्हणजे आता तिसरी पाळी होती. हीसुद्धा जेवणावळीतली गोष्ट झाली असती तर ताईने आयुष्यात चौथं काही मागितलं नसतं. मला तिची खात्री आहे. ती रुसत नाही, भांडत नाही, फक्त मागायचं बंद करते.

मी त्या दिवशी बाकीच्या गिऱ्हाइकांना शेजारच्या टेबलावर ढकललं. तीन जागा काढल्या. पहिलीला पायऱ्या फार होत्या. बूट घालून जिना उतरणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच कळतं. दुसरी सगळ्या बाबतीत चांगली, पण तिच्या जेवणघराला जमिनीपासून छतापर्यंत काच आणि काचेसमोरच शिकाऊंचा उतार. लोक सूप पीत पीत पडणाऱ्यांची गंमत बघतात. शिकणाऱ्याला प्रेक्षक नकोत, एवढी साधी गोष्ट ज्या वास्तुविशारदाला समजली नाही त्याला पदवी कुणी दिली कोण जाणे. तिसरी मात्र नेमकी होती. दिसायला कुरूप, तपकिरी, समोर गाड्या लावायची जागा, फोटो काढावा असं काही नाही. पण बूट काढायची खोली तळमजल्यावर, आणि शिकाऊंच्या उतारापर्यंत सपाट रस्ता. वर चढायला तिथे सरकता पट्टा होता, लोंबकळत्या खुर्चीत बसायची गरज नाही. फोनवरच्या बाईंना मी माझा प्रश्न विचारला. त्या हसल्या नाहीत. त्यांनी उलट विचारलं, "रडत चालायचंय की रडणं थांबल्यावर? रडत असेल तर आठ मिनिटं." ताईला मी हे सांगितलं तर तिचा चेहरा असा खुलला, की मला उगीचच टेबलावरचे कागद नीट करावेसे वाटले.

दुसऱ्या दिवशी भावोजी आले. नंबर घेतला नाही. कुणाची तरी खुर्ची ओढून माझ्या टेबलाला लावली आणि पाय पसरून बसले. ऑफिसच्या लोकांबरोबर दोनदा बर्फात गेलेत, तेव्हापासून हिवाळा सुरू झाला की ते जाकीट घालून बाजारात फिरतात. बर्फातला चष्मा कपाळावर. उथळ पाण्याला खळखळाट फार.

मोबाइल माझ्या नाकासमोर आला. माझं तपकिरी हॉटेल ज्याच्या पायथ्याशी, त्याच डोंगराच्या माथ्यावरचं हॉटेल, दार उघडलं की थेट उतार. मी समजावून सांगितलं, की तो उतार शिकाऊंसाठी नाही, वर्ग खाली पायथ्याशी भरतो, आणि खाली यायला एकच केबल कार आहे, ती साडेचारला बंद होते आणि वारा सुटला तर दिवसभर सुरूच होत नाही. ताई वरच अडकेल. भावोजी हसले. माझा सोळा वर्षांचा अनुभव त्यांनी माशीसारखा हाताने झटकला.

"घाबरणाऱ्याला परतीची वाट ठेवायचीच नसते," ते म्हणाले. "मग आपोआप शिकतो."

या वाक्यावर माझ्या हातातलं पेन त्यांच्या कपाळावरच्या चष्म्यावर गेलं असतं. पण आमच्या घरात जावयाला उलट बोलायची पद्धत नाही. वडिलांनी घालून दिलेली रीत. जावई चुकला तर विषय बदलायचा, फारच चुकला तर त्याचं कौतुक करायचं. वडील जाऊन नऊ वर्षं झाली, तरी आम्ही शहाण्या मुलींसारखं तेच करतो. म्हणून मी भावोजींना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. म्हटलं, खरंय तुमचं, ते हॉटेल तुमच्यासारख्यांसाठीच आहे. पण बरोबर शिकाऊ माणूस असलं की तुमचाच खोळंबा. दहा वेळा थांबा, हात धरा, समजूत काढा. तुमच्या वेगाचं काय? त्यापेक्षा तुम्ही वर राहा, ताईला खाली ठेवा. संध्याकाळी फोनवर बोला.

माणूस फुगताना इतक्या जवळून मी प्रथमच पाहत होते. पाठ ताठ झाली, हनुवटी वर गेली, चष्मा आणखी दोन बोटं मागे सरकला. त्यांना पटलं. फक्त एक शंका निघाली, की खाली तिच्याकडे बघणार कोण, ती तर एकटी कधी कुठे गेलेली नाही. मी लगेच म्हटलं, मी आहे ना. जाते तिच्याबरोबर. भावोजी समाधानाने उठले आणि खुर्ची तिथेच सोडून गेले.

मी स्वतःवर इतकी खूष झाले की साहेबांकडून तिथल्या तिथे आठवड्याची रजा मंजूर करून घेतली. डोंगरमाथ्यावर मूर्ख, पायथ्याशी आम्ही दोघी. मी स्की करणार नव्हतेच. मी उताराच्या कडेला उभी राहून ताईला धीर देणार होते.

तिच्या दुपारच्या सुट्टीत मी इस्पितळात गेले. औषधांच्या खिडकीमागे एक लहानशी खोली आहे, तिथे ती गोळ्यांची पाकिटं तारखेप्रमाणे लावत उभी होती. मी दार लोटलं आणि सगळं सांगितलं. सांगितलं म्हणजे करूनच दाखवलं. पाय पसरून बसले, तिचा चष्मा घेऊन माझ्या कपाळावर चढवला, भावोजींचा आवाज काढला, फुगत कसे गेले ते गाल फुगवून दाखवलं. पलीकडच्या टेबलावर तिच्याबरोबर काम करणाऱ्या एक वयस्क बाई होत्या, त्यांनाही हसू आवरेना. ताईने हात पुढे करून तिचा चष्मा परत घेतला.

"ते वर राहतील हे छान केलंस," ती म्हणाली. "पण तू येऊ नकोस."

मला वाटलं, माझी रजा वाया जाईल म्हणून म्हणतेय. म्हटलं, रजेचं बघू नकोस, मी हौसेने येतेय. ताई पाकिटं लावत राहिली.

"बुकिंग माझ्या एकटीचं कर."

मी विचारलं, पडलीस तर कोण आहे तिथे? लागलं तर? रडू आलं तर?

"म्हणूनच," ताई म्हणाली. तिने शेवटचं पाकीट ठेवलं आणि माझ्याकडे वळली. आवाज चढला नव्हता, खिडकीतून एखाद्याला दिवसातून दोनदा, जेवणानंतर, असं सांगते तसाच होता. "पाण्यात ढकललं ती गोष्ट हे सांगतात. पण मी पाण्यात कशी ओरडले, ते कोण करून दाखवतं?"

मी पसरलेले पाय जवळ घेतले.

"चौकातलं रडणं कोण करून दाखवतं? हे तर नुसतं सांगतात गं. त्यांचं सांगणं संपतं आणि सगळे तुझ्याकडे बघतात. आणि तू उठून उभी राहतेस."

मी म्हटलं की त्यात वाईट हेतू नव्हता, सगळेच हसायचे, तीसुद्धा हसायची. माझी लाज मलाच वाटत होती आणि तरीही मी सफाई देत होते. वकील परवडला.

"मी हसायचे," ताई म्हणाली. "आणि मग पाणी भरायला उठायचे."

त्या वयस्क बाई औषधं आणायच्या निमित्ताने बाहेर गेल्या. मी मोबाइलवर तपकिरी हॉटेलचा फॉर्म उघडला. माणसं दोन होती, ती एक केली. खाटा दोन होत्या, त्याही एक केल्या. ताई शेजारी येऊन उभी राहिली आणि चिठ्ठी तपासावी तशी एकेक ओळ वाचत गेली. शेवटच्या रकान्यात काही झालं तर कुणाला कळवायचं, त्याचं नाव आणि नंबर हवा होता. तिथे मी सकाळीच माझा नंबर टाकून ठेवला होता. ताईने त्यावर बोट ठेवलं.

"हा काढ," ती म्हणाली. "आमच्या त्या बाईंचा घाल. त्यांना नक्कल करता येत नाही."

मी माझा नंबर पुसला. ताई सांगत गेली तसे मी बाईंच्या नंबरचे आकडे एकेक करून घातले आणि फॉर्म पाठवून दिला.