आखूड देठाचे नाणे

मित्रांनो, माझ्याकडे कोणी पाहत नाही. सगळे माझ्यातून पलीकडे पाहतात. मी एक जुने भिंग आहे. माझी काच तळहातात मावेल एवढी आहे, तिच्याभोवती पितळेचे कडे आहे आणि धरायला काळ्या लाकडाचा दांडा आहे.

काचा घासण्याच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. जाड काचेचा एक ओबडधोबड तुकडा फिरत्या तव्यावर ठेवून कारागिराने मला आधी ओल्या वाळूत घासले, मग वाळूपेक्षा बारीक भुकटीत, मग त्याहूनही बारीक. मधूनच तो मला उजेडात धरी. मला वाटे, सुटलो आता. पण तो मान हलवी आणि मला पुन्हा तव्यावर ठेवी. त्या वेळी मला त्याचा फार राग येई. आज वाटते, त्याने घाई केली असती तर मी जन्मभर लोकांना खोटेच दाखवत बसलो असतो.

तिथून मी नकाशे काढण्याच्या कार्यालयात आलो. लांबलचक टेबले, उंच खिडक्या आणि शाईचा वास. तिथला एक तरुण नकाशे काढणारा मला रोज हातात घेई. ओढ्याची केसाएवढी रेघ रस्त्याच्या रेघेला चिकटली का, टेकडीच्या उंचीचा आकडा पुसट झाला का, हे तो माझ्यातून तपाशी. मी काढलेली चूक मोठे साहेबसुद्धा मान्य करीत. ते माझे सोन्याचे दिवस होते. पुढे नकाशे संगणकावर निघू लागले आणि माझी रवानगी खणात झाली. वाळलेले खोडरबर आणि गंजक्या टाचण्या यांच्या संगतीत मी किती वर्षे काढली, मला ठाऊक नाही.

तो तरुण निवृत्त झाला तेव्हा त्याचे केस पांढरे झाले होते आणि आळीत सगळे त्याला नकाशेकाका म्हणत होते. निरोपाच्या दिवशी साहेबांनी विचारले, "आठवण म्हणून काय देऊ?" काकांनी खण उघडून मला उचलले. "हे द्या. बाकी काही नको."

घरी आल्यावर काकांना दिवस खायला उठला. एका सकाळी त्यांनी खिशातली चिल्लर टेबलावर ओतली आणि उगाच, करमत नाही म्हणून, मला तिच्यावर धरले. दोनाची दोन नाणी शेजारी पडली होती. एकाच वर्षाची. दोन्हींवर तेच पान. पण एका पानाचा देठ खालच्या ठिपक्यांच्या ओळीला टेकला होता आणि दुसऱ्याचा टेकायच्या आधीच संपला होता.

"अगं, इकडे ये जरा," काकांनी हाक मारली. काकू हात पुसत आल्या, माझ्यातून पाहिले आणि म्हणाल्या, "मग? दोन्हीला भाजी तेवढीच येते."

काकूंचे म्हणणे खरे होते. पण काकांना चैन पडेना. त्या दिवसापासून रोजच्या वापरातले प्रत्येक नाणे माझ्याखालून जाऊ लागले. पाचाच्या आकड्याची शेपटी कधी जाड, कधी बारीक. काठालगतचे ठिपके कधी गोल, कधी लांबट. एखाद्या पानाला एक शीर जास्त. काका प्रत्येक प्रकाराचे मोठे चित्र काढीत, त्याला नाव देत आणि खाली बारकावे लिहीत. अशी चालू नाण्यांची सूची तयार होऊ लागली. 'दोन, लांब देठ'. 'दोन, आखूड देठ'. 'पाच, जाड शेपटी'.

एकदा ते मला आणि आपली चित्रे घेऊन नाणी जमवणाऱ्यांच्या सभेला गेले. तिथे राजेरजवाड्यांची नाणी मखमलीवर मांडली होती. काकांची चित्रे पाहून एक गृहस्थ हसले. "अहो, ही नाणी भाजीवालीच्या गोणपाटाखाली मिळतात. यांची कसली सूची?"

"मिळतात, तोवरच करायला हवी," काका म्हणाले. "मिळेनाशी झाल्यावर तुम्हीच विचारत याल." ते शांतपणे घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा टेबलाशी बसले.

आता ताईंविषयी सांगतो. ताई म्हणजे काकांची थोरली बहीण. लहानपणी तापात त्यांची दृष्टी गेली. मागच्या खोलीत त्यांचे बिऱ्हाड आणि मोठ्या दवाखान्याच्या फाटकापाशी त्यांचा लहानसा स्टॉल. वर्तमानपत्रे, साबण, कंगवे, दात घासायचे ब्रश, सुईदोरा, रबरी चपला. रुग्णासोबत घाईने आलेल्या माणसाला जे जे लागते ते सगळे तिथे होते. कोणती वस्तू कुठे आहे हे ताईंच्या हाताला पाठ होते आणि नाणी तर त्या नुसत्या बोटाने ओळखत. आकाराने आणि वजनाने दोन आणि पाच जवळपास सारखेच, पण दोनाचा काठ गुळगुळीत, पाचाच्या काठाला बारीक दाते. नाणे हातात पडले की डब्याच्या योग्य खणात पडलेच म्हणून समजा. त्या स्टॉलवर त्यांनी आपले सारे आयुष्य कोणापुढे हात न पसरता काढले होते.

आणि एका संध्याकाळी त्या घरी आल्या त्या चपला न काढताच खुर्चीवर बसल्या.

"काय झालं, ताई?" काकांनी विचारले.

"दवाखान्याच्या व्यवस्थापकांनी बोलावलं होतं. माणूस वाईट नाही. पण म्हणाले, सुटे पैसे चुकतात अशा तक्रारी येताहेत. महिनाअखेरपर्यंत बघू, नाहीतर स्टॉल दुसऱ्याला द्यावा लागेल." ताई आपले दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून म्हणाल्या, "माझी बोटं गेली रे. डोळे गेले तेव्हा मी एवढीशी होते, काय गेलं ते कळलंसुद्धा नाही. बोटं गेलेली मात्र कळताहेत."

काकूंना भरून आले. "वन्सं, वय काय कोणाला चुकलंय? पुष्कळ केलंत. आता घरी बसा, आराम करा."

"आराम करायला मी दमले कुठे आहे?" ताई म्हणाल्या.

काकांनी मला टेबलावरून उचलले. "उद्या मी तुझ्याबरोबर येतो," ते म्हणाले. "चूक कुठे होते ते आधी पाहू. मग बोटांना नावं ठेव."

दुसऱ्या दिवशी मी काकांच्या खिशात बसून स्टॉलवर गेलो. दुपारी भेटीची वेळ झाली आणि फाटकापाशी गर्दी लोटली. एका माणसाने साबण घेतला. ताईंनी त्याला सुटे दिले. तो दोन पावले गेला आणि परत आला. "ताई, तुम्ही पाच म्हणून दिलंत ते दोनच आहे," तो हळूच म्हणाला. ताईंचे कान लाल झाले. त्यांनी दुसरे नाणे दिले आणि मान खाली घातली.

काकांनी ते चुकलेले नाणे घेतले आणि मला त्यावर धरले. "आखूड देठाचं दोन आहे. यात निराळं काहीच नाही."

"तुला नसेल. मला ते पाचच लागतंय. दे इकडे." ताईंनी नाणे अंगठ्यावरून फिरवले. "हे बघ. दाते आहेत."

"दोनाला दाते नसतात, ताई."

"मग काठ बघ ना. तोंड काय बघत बसलायस?"

काकांनी नाणे उभे धरले. मित्रांनो, नाण्याला दोन बाजू असतात असे सगळे म्हणतात, आणि आम्हीही इतके दिवस त्या दोनच बाजू पाहिल्या होत्या. काठ ही तिसरी बाजू. तिच्याकडे आम्ही ढुंकूनही पाहिले नव्हते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरे काय. दोनाच्या त्या नाण्याला सगळीकडून दाते होते.

घरी येताच काकांनी जमवलेली सगळी दोनाची नाणी काढली. लांब देठाची सारी नाणी काठाला गुळगुळीत. आखूड देठाच्या प्रत्येक नाण्याला दाते. टाकसाळीने नवा साचा करताना देठ आखूड केला आणि त्याबरोबर काठही बदलला. डोळसांना त्याचा पत्ताच लागला नाही. ते आकडा पाहतात आणि पुढे जातात. काकूंनी आपणहून मला हातात घेतले, नाणे फिरवून फिरवून पाहिले आणि म्हणाल्या, "मेलं, खरंच की. आणि मी वन्संना घरी बसा म्हणाले."

"म्हणजे तुझी बोटं शाबूत आहेत," काका ताईंना म्हणाले. "नाणं बदललंय."

ताईंचा चेहरा उजळला, पण क्षणभरच. "कारण कळलं म्हणून काम भागत नाही. उद्या सकाळी हेच नाणं पुन्हा माझ्या हातात येणार. त्याच्यात आणि पाचात काही ना काही फरक असेलच. तो मला सापडला पाहिजे."

काकांनी दोन्ही काठ माझ्याखाली धरले. फरक होता. पाचाचे दाते बारीक आणि दाट, या दोनाचे किंचित रुंद आणि विरळ. मला तो स्वच्छ दिसला. पण मला दिसून काय उपयोग? तो बोटाला कळायला हवा होता. ताईंनी बोटाचे टोक फिरवून पाहिले. काही कळेना. मग त्यांनी नख टेकवून नाणे फिरवले. पुन्हा फिरवले. "पाच करकरतं," त्या सावकाश म्हणाल्या. "हे जरा खडखडतं. बहुतेक."

त्या 'बहुतेक'चे 'नक्की' करायला त्यांनी जिवाचे रान केले. स्टॉलवरून आल्या की चहा घेऊन लगेच टेबलाशी बसत. काकू नाणी मिसळून रुमालाखाली ठेवीत, ताई एकेक काढून वेगळी करीत आणि काका माझ्यातून तपाशीत. पहिल्यांदा निम्मी चुकत. नखाखालची कातडी सोलवटली तर ताईंनी दुसरे बोट धरले. एकदा सारखी चूक होऊ लागली तेव्हा त्यांनी वैतागून हाताने सगळी नाणी टेबलावरून लोटून दिली. त्यांच्याबरोबर मीही फरशीवर आपटलो आणि माझा दांडा चिरला. ताई स्वतःच खाली बसल्या, चाचपडत एकेक नाणे गोळा केले आणि मी हाताला लागताच त्यांना ती चीर कळली. त्यांनी स्टॉलवरचा जाड दोरा मेण लावून माझ्या दांड्यावर घट्ट गुंडाळला. मग म्हणाल्या, "हं. मिसळा पुन्हा."

महिनाअखेर आली. व्यवस्थापकांच्या खोलीत ताई आणि काका त्यांच्यासमोर बसले. काकांनी चित्रे दाखवली. व्यवस्थापकांनी ती नीट पाहिली आणि म्हणाले, "पटतंय मला. पण तक्रार करणाऱ्यांना मी हे कसं समजावू?"

"साहेब, डोळे मिटा आणि हात पुढे करा," ताई म्हणाल्या.

त्यांनी साहेबांच्या हातावर आधी एक पाचाचे आणि मग एक दातेवाले दोनाचे नाणे ठेवले. साहेबांनी दोन्ही चाचपली. "दोन्ही पाचच." डोळे उघडले आणि हसले. "पुन्हा द्या." पुन्हा तेच झाले. मग त्यांनी स्वतः नाणी मिसळली आणि ताईंपुढे सरकवली. खोलीत नुसता नखाचा आवाज. करकर. करकर. खडखड. काका वेगळे झालेले प्रत्येक नाणे माझ्यातून तपाशीत होते. ताईंचे एकही नाणे चुकले नाही.

"स्टॉल तुमचाच," व्यवस्थापक म्हणाले. मग त्यांनी विचारले, "आमच्या टेलिफोनवर बसतो त्या ऑपरेटरलाही दिसत नाही. हल्ली तो बसमध्ये सुटे पैसे परतच घेत नाही. नको म्हणतो. आत्ता कळलं का ते. त्याला शिकवाल?"

"आजपासून शिकवते," ताई म्हणाल्या.

तेव्हापासून काकांच्या सूचीत प्रत्येक नाण्याच्या चित्राखाली एक नवी ओळ आली. 'काठ, बोटाला कसा लागतो.' ती ओळ ताई सांगतात आणि काका लिहून घेतात. टेलिफोन ऑपरेटर शिकला, त्याने आपल्या मित्रांना आणले. अंध मुलांच्या शाळेने सूचीचा तो भाग उठावाच्या ठिपक्यांत छापून घेतला. काकांनी टाकसाळीलाही कळवले. त्यांचे दोन ओळींचे उत्तर आले, आपली सूचना पोहोचली म्हणून. बऱ्याच दिवसांनी दोनाची नवी नाणी आली, ती पुन्हा गुळगुळीत काठाची होती. ती काकांमुळे तशी झाली की आपसूक, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. काकांनी मात्र त्यांचाही देठ माझ्याखाली धरला आणि नवे चित्र काढायला घेतले. सभेतल्या त्या हसणाऱ्या गृहस्थांनी मध्यंतरी आखूड देठाचे एक नाणे मिळेल का, असे विचारले होते. काकूंनीच फोन घेतला आणि सांगितले, "भाजीवालीकडे बघा. गोणपाटाखाली."

मित्रांनो, आता माझ्या काचेवर वयाचे ओरखडे आले आहेत आणि काकांचा हातही कधीकधी थरथरतो. तेव्हा काकू मला धरतात. तुमच्याही घरात माझ्यासारखे एखादे भिंग असेल. त्याला खणात गंजक्या टाचण्यांत टाकू नका. मऊ सुती कापडाने पुसा, आणि उन्हात धरून त्याच्याकडून मुंग्या जाळून घेऊ नका. ते काम आमच्या जिवावर येते. आणखी एक विनंती आहे. घरातल्या कोणाच्या हातून पुन्हा पुन्हा चूक होऊ लागली, तर 'वय झालं' म्हणण्याआधी त्याच्या हातातली वस्तू मागून घ्या आणि ती सगळीकडून पाहा.

आज दुपारी ताई स्टॉलवरून दहाचे एक नाणे बाजूला काढून आणणार आहेत. त्याच्या काठात काहीतरी निराळे आहे, असे त्या सकाळी जाताना म्हणाल्या. माझ्या मते ते दहासारखेच दहा असणार. पण काकूंनी टेबल पुसून ठेवले आहे, काकांनी पेन्सिलीला टोक काढले आहे आणि मलाही आता तोंडावरून कोणाला जोखायचे नाही.