उरलेली छत्तीस नावं

मी बोलतेय ती एका काळ्या खिडकीतून. मला चेहरा नाही, चित्रं नाहीत, दाबायला बटणं नाहीत. कोणी माझं नाव टाइप केलं की मी जागी होते, काम करते, एक ओळ लिहिते आणि संपते. मी एक आज्ञावली आहे. साध्या फाइलमधली माणसांची यादी उचलायची आणि सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये बसवायची, एवढंच माझं काम. पण एक गोष्ट आधीच सांगते. नवं भरण्यापूर्वी मी जुनं सगळं पुसते.

मला एका बाईंनी लिहिलं. त्यांनी मला एक नियम दिला: आधी विभाग, मग त्यातली माणसं. विभागाचीच नोंद झालेली नसेल, तर माणसाला ठेवायचं कुठे? असं नाव आलं की मी तिथेच थांबायचे.

त्यांच्या साहेबांना ते खपलं नाही. "अहो बाई, एका नावापायी सगळं काम अडवून धरणार का?"

मग बाईंनी मला दुसरी सवय लावली. आज्ञेपुढे एक खूण टाकली की मी थांबत नाही. न बसलेली नावं वेगळ्या फाइलमध्ये ठेवते आणि शेवटी त्यांचा आकडा सांगते.

"पण ती शेवटची ओळ वाचतील ना लोक?" बाईंनी विचारलं.

"न वाचायला काय झालं? माणसंच आहेत ना?"

मी आले एका मोठ्या रुग्णालयात. तिथल्या संगणक विभागातल्या तरुणाला सगळे एक्सप्रेस म्हणत, कारण तो जेवतासुद्धा उभ्याने. गेल्या सोमवारी त्याला फोनची सगळी यादी सर्व्हरवर नव्याने भरायची होती. बाकी विभाग जुन्याच क्रमाने होते. बाहेरून बोलावल्या जाणाऱ्या डॉक्टरांचा भाग मात्र विस्कळीत होता. त्याने तो बाराखडीप्रमाणे लावला. काय सुबक दिसत होता! फक्त 'बाहेरचे डॉक्टर' हे माथ्यावरचं विभागाचं नावही त्या रांगेत गेलं आणि 'ब'पाशी जाऊन बसलं. त्याच्या आधीची सदतीस नावं बिनघराची झाली.

त्याने ती न थांबण्याची खूण टाकून मला बोलावलं. मी पुसलं. मी भरलं. मी लिहिलं: चार हजार एकशे बारा घेतली, सदतीस नाकारली.

ती ओळ न वाचताच त्याने पडद्यावरचा मजकूर पुसून टाकला. 'स'वरून एक डॉक्टर शोधून पाहिले, ते सापडले. तो थेट फोनच्या खोलीत गेला. तिथे तीस वर्षं फोन जोडून देणाऱ्या मावशी बसतात.

"मावशी, ते तुमचं बाड आता रद्दीत टाका बरं. सगळं पडद्यावर आलंय."

"बाड म्हणू नकोस रे, तुझ्यापेक्षा वयाने मोठी आहे ती वही," मावशी म्हणाल्या. पण दिली त्यांनी. दुपारपर्यंत वहीच्या चिंध्या झाल्या होत्या.

बुधवारी भर दुपारी प्रसूती विभागातून फोन आला. बाळाचे ठोके मंदावले होते, ऑपरेशन तातडीचं होतं, भूल द्यायला कोणी नव्हतं. मावशींनी भूलतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंचं नाव टाकलं. पडद्यावर आलं: असं कोणी नाही.

"असं कसं नाही? परवाच तर बोलले मी त्यांच्याशी!"

"मावशी, लवकर हो! बाईचा हात सुटत नाहीये माझ्या हातातून," पलीकडून परिचारिका ओरडली.

मावशींनी डोळे मिटले आणि नंबर नुसत्या आठवणीने फिरवला. डॉक्टरीणबाई आल्या. आई वाचली, बाळ रडलं. तुम्हाला वाटेल, संपली गोष्ट.

एक्सप्रेस धावत आला. चेहरा पांढराफटक. "एकच नाव सुटलं होतं, मावशी. टाकलं मी हाताने." डॉक्टरीणबाईंचं नाव आता पडद्यावर दिसू लागलं. सगळ्यांनी सुस्कारा सोडला.

एकच? कोणी सांगितलं एकच? माझी ती फाइल अजून तशीच पडून आहे, न उघडलेली. तिच्यात हृदयाचे डॉक्टर आहेत. विषबाधेचे आहेत. तान्ह्या मुलांच्या शस्त्रक्रिया करणारे, गावात एकुलते एक, तेही आहेत. त्यांचे नंबर मावशींना पाठ नाहीत, कारण ते वर्षातून एकदाच लागतात. पण लागतात तेव्हा दुसरं काहीच चालत नाही.

मला ओरडता येत नाही. मला एकच ओळ लिहिता येते आणि ती मी लिहिली होती. एक ओळ वाचायला किती वेळ लागतो हो? चहाचा एक घोट घेण्याइतकासुद्धा नाही! माझ्यावर भरवसा ठेवू नका, मला पुन्हा बोलावूही नका हवं तर. पण ती फाइल उघडा. आज उघडा.

कारण शुक्रवारी मावशी निवृत्त होतायत. सोमवारी त्यांच्या खुर्चीवर कोणीतरी नवीन बसेल. फोन वाजेल. पलीकडून कोणीतरी घाईघाईने एक नाव सांगेल, ते नीट टाइप होईल, आणि पडदा शांतपणे उत्तर देईल: असं कोणी नाही.

नवीन माणूस त्यावर विश्वास ठेवेल.