‘बदली’ या शब्दाचे दोन अर्थ

मार्च महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी, सकाळी साडेदहा वाजता, विभागीय रुग्णालयाच्या पहिल्या मजल्यावरील आस्थापना शाखेत, तीन नंबरच्या टेबलासमोर एक परिचारिका आणि तिचा नवरा बसले होते. परिचारिका एकोणचाळीस वर्षांची होती. तिला शेजारीपाजारी, दुकानात, जिन्यात, सगळीकडे ‘सिस्टर’ म्हणत; इतके की मुलीने बोलायला लागल्यावर आईच्या आधी सिस्टर म्हटले, असे नवरा चारचौघांत सांगत असे. आपणही तिला त्याच नावाने ओळखू.

टेबलामागच्या हेडक्लार्कने चष्मा कपाळावर चढवला आणि तिचे अनुभवपत्र डोळ्यांजवळ नेले. पत्र चार ओळींचे होते. ‘यांनी आमच्या रुग्णालयाच्या डायलिसिस विभागात बदली परिचारिका म्हणून चौदा वर्षे समाधानकारक काम केले आहे,’ ही त्यातली कामाची ओळ.

“बदली परिचारिका,” हेडक्लार्क म्हणाला. “म्हणजे संस्थेच्या दुसऱ्या कुठल्यातरी दवाखान्यातून बदलून आलात. म्हणजे कायम.” आणि त्याने अर्जाच्या सातव्या रकान्यात ‘कायम’ असे लिहूनही टाकले.

“नाही, तसं नव्हे,” सिस्टर म्हणाली. “बदली म्हणजे आमच्याकडे—”

“अहो बाई, बदली काय रोजंदारीवाल्याची होते? बदली व्हायला माणूस आधी कायम लागतो.”

“हो ना,” नवरा घाईने म्हणाला. “माझीच बघा. सहा महिन्यांपूर्वी इकडे बदली झाली. कायम आहे म्हणूनच झाली.”

या वाक्यातला प्रत्येक शब्द खरा होता, आणि तेच त्यातले वाईट होते. सिस्टरने नवऱ्याकडे पाहिले. तो भिंतीवरच्या पंख्याकडे पाहत होता.

हेडक्लार्क रंगात आला होता. या भागात परिचारिकांचा दुष्काळ होता. डायलिसिसच्या चार जागा दोन वर्षे रिकाम्या होत्या. परंतु नियम असा की पस्तिशी ओलांडलेल्या बाईला कायम जागेवर नव्याने घेता येत नसे. अन्यत्र कायम नोकरीत काढलेली वर्षे मात्र वयातून वजा होत. “एकोणचाळीसातून चौदा गेले, राहिले पंचवीस. पंचविशीच्या झालात की हो बाई! आमच्या ऑफिसात येऊन माणसं म्हातारी होतात, तरुण होणाऱ्या तुम्हीच पहिल्या.” मग त्याने बाकीचे सांगितले. राहायला दोन खोल्यांचे क्वार्टर, शाळा फाटकासमोरच. उद्या मेट्रनबाईंच्या नजरेखाली सकाळची एक पाळी करायची, त्या शेरा देतील. कागदांचे तो पाहून घेईल.

इथे ‘बदली’चा दुसरा अर्थ सांगणे भाग आहे, कारण सगळे त्यावर अडले होते. सिस्टरच्या तिकडच्या रुग्णालयात कायम परिचारिका रजेवर गेली की तिच्या बदल्यात जी उभी राहते, ती बदली. अकरा महिन्यांचा हुकूम, मग आठ दिवसांची सक्तीची विश्रांती, मग पुन्हा हुकूम. सिस्टर ज्या परिचारिकेच्या बदल्यात प्रथम उभी राहिली, ती कधीच निवृत्त झाली होती. पण जागा भरली गेली नाही आणि बदली संपली नाही. तिच्या हाताखाली शिकलेल्या तीन मुली कायम झाल्या. ती यंत्राजवळच राहिली.

नवरा इथे बहिणीच्या घराच्या मागच्या खोलीत एकटा राहत होता. मुलगी अकरा वर्षांची, तिकडे आईपाशी. सिस्टरला इथे कायम जागा मिळाली तर घर एक होणार होते. न मिळाली तर नवऱ्याची पुढची बदली होईपर्यंत, म्हणजे किमान चार वर्षे, ते दोन ठिकाणी राहणार होते.

दुपारी नणंदेच्या स्वयंपाकघरात हा विषय निघाला. नणंद नवऱ्याहून नऊ वर्षांनी मोठी, शाळेत शिपाईण म्हणून तीस वर्षे घंटा दिलेली, आणि तिचा आवाज अजून मैदानाच्या मापाचा होता.

“मिळाली ना नोकरी? मग तोंड असं का? सुतकात बसल्यासारखं?”

“वन्सं, त्यांनी चुकीचं लिहून घेतलंय.”

“त्यांनी लिहून घेतलंय ना? तू लिहिलंस का?”

“नाही.”

“मग झालं तर.”

“अक्का, तेच मी सांगतोय कधीचं,” नवरा म्हणाला. “आपण एक अक्षर खोटं बोललो नाही. कागदावर बदली लिहिलंय, आपण बदली दाखवली. आता त्याला मराठी कमी येतं, ही आपली चूक?”

“त्याला येतं. तुम्हालाही येतं. तुम्ही त्याचा अर्थ पक्का करून दिलात.”

“मी माझ्याबद्दल बोललो!”

“अहो, पंख्याकडे बघून माणूस स्वतःबद्दल बोलतो का?”

नणंद खदखदून हसली. “सापडलास रे! हा लहानपणीसुद्धा खोटं बोलताना आढ्याकडे बघायचा. आई म्हणायची, याला आधी डोकं खाली कर म्हणावं, मग विचारा.” मग ती गंभीर झाली. “पण ऐक गं. चौदा वर्षं काम केलंस की नाही?”

“केलं.”

“कायमवालीपेक्षा कमी केलंस?”

या प्रश्नाला सिस्टरजवळ उत्तर होते, आणि ते तिच्या बाजूचेच होते; म्हणूनच ती अधिक अस्वस्थ झाली. खोटेपणा उघडउघड आपल्याविरुद्ध असला तर त्याला नाकारणे सोपे असते. हा खोटेपणा तिच्या हक्काच्या वस्तूसारखा दिसत होता. जे तिकडे देणे न्याय्य होते, ते इकडे कोणीतरी चुकून देत होते.

“कुणी काही विचारलंच,” नवरा हळू आवाजात म्हणाला, “तर सांगायचं, आमच्याकडची पद्धत वेगळी आहे. बस. तेही खरंच आहे.”

गुरुवारी सकाळी सातला ती डायलिसिस विभागात हजर झाली. सहा खाटा, सहा यंत्रे, एका बाजूला पाण्याच्या शुद्धीकरणाची खोली. मेट्रनबाई उंच, सडपातळ, साठीला टेकलेल्या; दारापाशी खुर्ची टाकून बसल्या आणि दोन तास एक शब्द बोलल्या नाहीत. चौथ्या खाटेवर एक म्हातारा शिंपी होता. पाळीवरच्या तरुण नर्सने त्याच्या हाताला सुई लावायची तयारी केली, तेव्हा सिस्टरने आधी तिथे तळवा ठेवला. डायलिसिससाठी हातातल्या दोन रक्तवाहिन्या जोडलेल्या असतात. त्या जोडावर बोटे ठेवली की आत रक्ताची थरथर लागते. ही थरथर मंद होती.

“इथे नको,” ती म्हणाली. “काका, रात्री या हातावर डोकं ठेवून झोपलात ना?”

“बायको म्हणते घोरतोस, कूस बदल. बदलली.”

“आजपासून बायकोला घोरणं ऐकू द्या. हा हात उशी नाही.”

म्हातारा हसला, पण सिस्टर हसली नाही. तिने तरुण नर्सला डॉक्टरांकडे धाडले. डॉक्टर आले, तपासून म्हणाले की जोड बंद पडायच्या बेतात आहे, आज सुई लावली असती तर हातचा गेला असता. आणि शिंप्याला शस्त्रक्रिया विभागाकडे पाठवले. मेट्रनबाईंनी वहीत काहीतरी टिपले. साडेअकराला दोन नंबरचे यंत्र ओरडू लागले. सिस्टरने नळीचा पीळ सोडवला आणि पेशंटला बोलते ठेवले. वॉर्डातल्या मावशी तरुण नर्सच्या कानात म्हणाल्या, “ही टिकली तर आपलं जेवण वेळेवर व्हायचं बघ.” सिस्टरला ते ऐकू आले. क्षणभर ती सगळे विसरली आणि क्वार्टरच्या खिडकीला पडदा कोणता लावावा याचा विचार करू लागली.

दोनला पाळी बदलली. जाणारी परिचारिका येणारीला एकेक पेशंट समजावून देते, याला रुग्णालयात चार्ज देणे म्हणतात. शेवटी चार्जबुकात दोघींच्या सह्या होतात. सिस्टरने सहाही खाटांचा चार्ज दिला, काही विसरली नाही. चार्जबुक उघडून तिच्यासमोर ठेवले गेले. तिने पेन उचलले, शेजारच्या तरुण नर्सच्या हातात दिले, आणि स्वतः एक पाऊल मागे सरून हात पाठीमागे बांधून उभी राहिली.

तरुण नर्स गोंधळली. “सिस्टर, चार्ज तुम्ही दिलात.”

“तू कर ना सही,” सिस्टर सहज म्हणाली.

मग तिच्या लक्षात आले की मेट्रनबाई खुर्चीवरून उठल्या आहेत.

मेट्रनबाईंच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि औषधांच्या कपाटाच्या किल्ल्यांचा फळा होता. त्यांनी दार लोटून घेतले. टेबलावर तिचा अर्ज होता.

“चौदा वर्षं चार्ज देणाऱ्या बाईचा हात सहीकडे आपोआप जातो. तुमचा मागे गेला. का?”

पढवलेले उत्तर तयार होते. आमच्याकडची पद्धत वेगळी आहे. सिस्टरने ते जिभेवर घेऊन पाहिले. तिला मुलीची नवी शाळा दिसली, फाटकासमोरची. तिने पुन्हा एकदा ते वाक्य मनात म्हटले. ते खरेच होते, आणि तरी ते उच्चारले की आयुष्यभर पंख्याकडे पाहत बसावे लागले असते.

“आमच्याकडे बदलीवाल्यांना सही करू देत नसत, मॅडम,” ती म्हणाली. “सही झाली की कामाचा पुरावा होतो; पुरावा झाला की कायम करा म्हणून मागता येतं. म्हणून चार्ज आम्ही द्यायचा आणि सही कायमवालीनं करायची. मी बदलीवर आलेली नाही. मी बदली होते. बदल्यात उभी राहणारी. हेडक्लार्क साहेबांनी अर्थ वेगळा घेतला.”

“काल हे सांगितलं का नाहीत?”

“सांगायला लागले होते. मग थांबले.”

“कोणी थांबवलं?”

“मीच थांबले.”

मेट्रनबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिले. “म्हणजे तिकडच्या चौदा वर्षांच्या वह्यांत तुमची एकही सही नाही?”

“एकही नाही.”

बाहेर जेवणाच्या गाडीची चाके वाजत गेली. मेट्रनबाई उठून चार्जबुक घेऊन आल्या आणि ते तिच्यासमोर उघडे ठेवले. “आधी ही सही करा. रकाना रिकामा राहिला तर दोष माझ्या वॉर्डाला लागेल. वेळही लिहा.”

सिस्टरने सही केली. अर्ज भरताना करायची तशीच, पूर्ण नावाची; त्यामुळे ती रकान्याबाहेर गेली. तिने वेळ लिहिली आणि वही परत सरकवली.

मेट्रनबाईंनी सातव्या रकान्यातल्या ‘कायम’वर एक सरळ रेघ ओढली, बाजूला आद्याक्षरे घातली आणि पेनाचे टोपण लावले.

“तुमच्यासारखी बाई या विभागाला हवी आहे, हे मी शेऱ्यात लिहीन; पण त्याचा उपयोग होणार नाही, तेही आत्ताच सांगते. वर्षं वजा होत नाहीत, आणि तुम्ही चार वर्षांनी वयाबाहेर आहात. आणि रजेच्या बदल्यात माणसं घेणं आम्ही दोन वर्षांपूर्वी बंद केलं. या रुग्णालयात तुम्हाला नोकरी मिळणार नाही.”